पुलावर थांबायलाही जागा हवी

मुंबईत दवाखान्याचा रस्ता बऱ्याच वेळा रेल्वेच्या पुलावरून जातो. हे शहर दक्षिणोत्तर लांबट आहे आणि मध्य, पश्चिम व हार्बर मार्गांच्या रुळांनी त्याचे उभे तुकडे केले आहेत. म्हणून इथे कोणी पत्ता सांगितला की पहिला प्रश्न येतो, ‘ईस्ट की वेस्ट?’ वस्ती एका बाजूला आणि रुग्णालय दुसऱ्या बाजूला, शाळा इकडे आणि बाजार तिकडे, ही रोजची गोष्ट आहे. धारावीतून शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जायचे तर मध्य रेल्वेचे रूळ ओलांडावे लागतात. विरार-बोरिवलीकडून येऊन प्रभादेवीला उतरलेल्या रुग्णाला केईएम, टाटा किंवा वाडिया रुग्णालय गाठायचे असेल तर त्यालाही रूळ ओलांडून परळच्या बाजूला यावे लागते. म्हणून पूल हा विषय आम्ही आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

सध्या मुंबईतले शंभर वर्षांच्या घरातले रेल्वेवरचे पूल एकामागून एक पाडले जात आहेत आणि त्यांच्या जागी किंवा शेजारी नवे बांधले जात आहेत. शीवचा पूल १ ऑगस्ट २०२४ पासून वाहनांना बंद झाला. प्रभादेवी-परळ जोडणारा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला. दादरच्या टिळक पुलाशेजारी नव्या पुलाचे काम चालू आहे. हे पूल म्हातारे झाले होते, त्यांची पाडापाडी व्हायलाच हवी होती, यावर आमचा वाद नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. आज जो पूल बांधला जाईल तो आपल्या नातवंडांच्या काळापर्यंत उभा राहील. तो कोणाच्या सोयीचा बांधायचा, हे आत्ताच ठरते आहे. तो फक्त गाड्या पलीकडे नेणारा रस्ता असावा, की चालणाऱ्या, दम लागलेल्या, म्हाताऱ्या, पोटुशा, काठी टेकणाऱ्या माणसाला पलीकडे जाता येईल आणि वाटेत घटकाभर बसताही येईल अशी सार्वजनिक जागा असावी? आमच्या मते पूल दुसऱ्या प्रकारचा हवा, आणि ही मागणी शोभेसाठी नाही, तब्येतीसाठी आहे.

पूल बंद होतो तेव्हा काय होते ते पाहा. एल्फिन्स्टन पूल बंद झाल्यावर वाहनांना उत्तरेला दादरचा टिळक पूल आणि दक्षिणेला करी रोड व चिंचपोकळीचे पूल उरले. गाडीवाल्याचा त्यात वेळ आणि पेट्रोल जाते. टॅक्सीने केमोथेरपीला जाणाऱ्या रुग्णाचे भाडे वाढते आणि गर्दीत अडकून उलट्यांचा त्रासही सोसावा लागतो. ज्याला टॅक्सी परवडत नाही तो स्थानकाचा जिना चढतो. म्हणजे पूल नसण्याची किंमत सर्वांनाच पडते, पण आजारी आणि गरीब माणसाला ती अंगावर मोजावी लागते.

आता जिन्याचा हिशेब करू. रुळांवर विजेच्या तारा असल्याने पूल बराच उंच ठेवावा लागतो. तो सहा मीटर उंच धरला आणि एक पायरी पंधरा सेंटिमीटरची धरली, तर चाळीस पायऱ्या चढायच्या आणि चाळीस उतरायच्या. धडधाकट माणसाला हा चांगला व्यायाम आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करायला सांगते. रोज पूल ओलांडून चालत कामावर जाणाऱ्याची त्यातली बरीचशी भरपाई आपोआप होते. पण गुडघे झिजलेल्या आईला, क्षयरोगातून उठलेल्या माणसाला, रक्तक्षयाने दम लागणाऱ्या बाईला, आठव्या-नवव्या महिन्यातल्या मुलीला या चाळीस पायऱ्या म्हणजे डोंगर वाटतो. गुडघेदुखीवाल्यांना चढण्यापेक्षा उतरताना जास्त कळ येते, कारण उतरताना गुडघ्याच्या वाटीवर शरीराच्या वजनाच्या काही पट भार येतो.

यासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, कठडा धरून चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. दुसरी, जिना चढताना छातीत दाब, जळजळ किंवा डाव्या हातात, जबड्यात कळ येत असेल आणि थांबल्यावर ती जात असेल, तर ‘गॅस झाला’ म्हणून सोडून देऊ नये. ते हृदयाला रक्त कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते; त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. थांबूनही कळ जात नसेल, घाम फुटत असेल, तर आठवडा नाही, लगेच रुग्णालय गाठावे.

पण थांबायचे कुठे? आजच्या बहुतेक पुलांवर थांबायला जागाच नाही. थांबले की मागून धक्का बसतो. सरकता जिना असतो, पण तो चालू असेलच याची खात्री नसते. लिफ्ट असते, पण ती पुलाच्या दुसऱ्या टोकाला असते. उतार तर फार थोड्या ठिकाणी आहे. सुलभतेच्या नियमांप्रमाणे चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा असावा लागतो. सहा मीटर उंचीला तो ७२ मीटर लांब होतो, मधल्या विसाव्याच्या जागा वेगळ्या. एवढी जागा नंतर कधीच मिळत नाही. ती नकाशातच ठेवावी लागते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि सुलभतेचे निकष सक्तीचेच असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा नव्या पुलावर उतार किंवा भरवशाची लिफ्ट मागणे हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

आता सार्वजनिक जागेचा मुद्दा. मुंबईत मोकळी जागा माणशी जेमतेम सव्वा चौरस मीटर पडते, म्हणजे एका माणसाने झोपायला चटई अंथरली की ती संपली. केंद्र सरकारच्या नगररचनेच्या मार्गदर्शक सूचना माणशी दहा ते बारा चौरस मीटर सांगतात. त्यातही ही सव्वा मीटरची सरासरी आहे. ज्या वस्तीत दहा बाय पंधराच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथे मैदान, बाग असे काही वाट्याला येतच नाही. म्हणून लोक पुलावर येतात. संध्याकाळी रेल्वेवरच्या कुठल्याही रुंद पुलावर जाऊन पाहा. कामावरून सुटलेली माणसे कठड्याला टेकून उभी असतात. लहान मुलाला कडेवर घेऊन ‘ती बघ गाडी आली’ असे दाखवणारी आजी असते. घरात जागा नाही म्हणून पुलाच्या दिव्याखाली पुस्तक उघडलेला मुलगा असतो. दोन मैत्रिणी घरी जाण्याआधी दहा मिनिटे बोलत असतात, कारण घरी गेल्यावर त्यांना बोलायला जागा नसते.

याला कोणी टवाळक्या म्हणतात. आम्हाला त्यात आरोग्य दिसते. रुळांची पट्टी ही मुंबईतली अशी जागा आहे जिथे समोर इमारत येत नाही. तिथे वारा मोकळा वाहतो आणि थोडे आकाश दिसते. कोंदट खोलीतून बाहेर पडून अर्धा तास मोकळ्या हवेत उभे राहणे, ओळखीच्या माणसाशी दोन शब्द बोलणे, यालाही मनाच्या तब्येतीत मोल आहे. म्हातारपणी एकटेपणा माणसाला आतून पोखरतो. त्यावरचा साधा उपाय म्हणजे रोज घराबाहेर पडणे. पण बाहेर पडून जायचे कुठे, याचे उत्तर शहराने द्यायला हवे.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो गंभीर आहे. पूल हा थांबण्यासाठी नसतो, लोक थांबले की चेंगराचेंगरी होते, असे सांगितले जाते. उदाहरण दिले जाते ते २९ सप्टेंबर २०१७ चे. त्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगरून २३ माणसे गेली. ती घटना आपण विसरता कामा नये. पण तिच्यातून काय शिकायचे हे नीट पाहिले पाहिजे. तेव्हा जोराचा पाऊस आला होता. लोक आडोशाला थांबले होते, मागून प्रत्येक लोकलबरोबर नवी गर्दी येत होती, आणि जिना अरुंद होता. लोकांनी थांबू नये असे म्हणणे सोपे आहे. पाऊस आला की माणूस थांबणारच. त्या थांबण्याचा विचार पूल बांधताना आणि वाढवताना कोणी केला नव्हता, हा खरा दोष. जवळच्या गिरण्या बंद होऊन तिथे कार्यालयांचे टॉवर उभे राहिले, माणसांची ये-जा किती पटींनी वाढली, पण जिना तेवढाच राहिला. दुर्घटनेनंतर लष्कराच्या अभियंत्यांनी काही महिन्यांत तिथे नवा पूल उभा केला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. म्हणजे मनात आणले तर पूल होत होता.

चेंगराचेंगरीत माणसे मुख्यतः पायाखाली तुडवून मरतात असा समज आहे. खरे तर बहुतेकांचा जीव श्वास कोंडून जातो. चारी बाजूंनी दाब आला की छाती फुगत नाही, आणि माणूस उभ्या-उभ्या गुदमरतो. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसे झाली की धोका सुरू होतो. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी वाहू लागते आणि माणसाच्या हातात काही उरत नाही. अशा वेळी दोन्ही हात कोपरात वाकवून छातीपुढे धरावेत, म्हणजे श्वासाला जागा राहते. उलट दिशेने रेटू नये, लोंढ्याबरोबर तिरके सरकत कडेला जावे. पडलेली चप्पल किंवा मोबाईल उचलायला वाकू नये. लहान मूल उंच उचलून घ्यावे. हे घरातल्या सगळ्यांना एकदा सांगून ठेवा.

दुसरा धडा आहे देखभालीचा. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा जो भाग रुळांवर कोसळला, तो पादचाऱ्यांचा होता. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. मृतांमध्ये जवळच्या जी. टी. रुग्णालयात रात्रपाळीला निघालेल्या तीन परिचारिका होत्या. त्या पुलाची तपासणी आधी झाली होती आणि तो किरकोळ दुरुस्तीचा ठरवला गेला होता. नवा पूल व्हायला चार वर्षे लागली. रुग्णांची सेवा करणाऱ्या बायकांनाच रुग्णालयाकडे जाण्याची सुरक्षित वाट मिळाली नाही, याहून आरोग्याचा दुसरा प्रश्न कोणता?

पूल गैरसोयीचा असला की लोक काय करतात हेही माहीत आहे. ते रूळ ओलांडतात. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात आणि त्यात सर्वांत मोठे कारण रूळ ओलांडणे हेच असते. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दंडाची भीती जिथे कमी पडते तिथे सोयीचा पूल उपयोगी पडतो. ज्या वस्तीच्या तोंडाशी उतार येतो, दिवे असतात, आणि पलीकडे नेमके बाजाराजवळ उतरता येते, तिथली म्हातारी बाई रुळावर उतरणार नाही. आम्ही कोणाचीही बाजू घेत नाही. रूळ ओलांडू नका, हे आम्ही दर वेळी सांगतो आणि पुन्हा सांगतो. पण ‘ओलांडू नका’ म्हणणाऱ्याने ‘इथून जा’ असेही दाखवायला हवे.

मग पूल कसा असावा? आम्हाला फार महागडे काही सुचवायचे नाही. चालण्याची पट्टी आणि थांबण्याची पट्टी वेगळी असावी. चालणाऱ्याच्या वाटेत कोणी थांबू नये, आणि थांबलेल्याला कोणी ढकलू नये. त्यासाठी पुलाच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना कठड्याकडे बाहेर काढलेले रुंद कोपरे करता येतात. तिथे बाके असावीत, पाठ टेकता येतील अशी. जिन्याला दोन्ही बाजूंनी आणि रुंद असेल तर मधोमधही हाताला धरायला नळी असावी. दर दहा-बारा पायऱ्यांनंतर विसाव्याचा टप्पा असावा. पावसात न घसरणारी फरशी असावी. छप्पर असावे, पण उन्हाळ्यात भट्टी करणारा नुसता पत्रा नको. पिण्याचे पाणी आणि पुलाच्या दोन्ही टोकांना स्वच्छतागृह असावे. स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका आपल्या घरोघरी आहेत. लघवीची जळजळ आणि जंतुसंसर्ग त्यातून वाढतो. रात्रभर पुरेसा उजेड असावा. मोठ्या पुलावर पायवाट गाड्यांपासून भक्कम कठड्याने वेगळी असावी आणि रुग्णवाहिकेला वाट मिळेल याची सोय असावी.

असे काही जगात नाही असे नाही. मेलबर्न शहरात रेल्वेच्या रुळांवर छत टाकून २००२ मध्ये फेडरेशन स्क्वेअर हा लोकांचा चौक झाला. शिकागोत रेल्वेच्या रुळांवर आणि वाहनतळावर २००४ मध्ये मिलेनियम पार्क उभे राहिले. ती श्रीमंत शहरे आहेत, हे खरे. पण मुंबईतही खार रोडसारख्या स्थानकांवर फलाटांच्या वर रुंद डेक झाले आहेत. रुळांवर जागा निर्माण करता येते, हे इथल्या अभियंत्यांना माहीत आहे. प्रश्न एवढाच की ती जागा दुकानांच्या गाळ्यांना आणि जाहिरातींना द्यायची की दोन बाकांना.

फेरीवाल्यांबद्दलही बोलले पाहिजे, कारण त्यांत आपलीच माणसे पुष्कळ आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पादचारी पुलांवर आणि स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीच्या धंद्याला मनाई कायम ठेवली. अरुंद पुलावर पाटी मांडू नये, हे आम्हालाही पटते. जिन्यावरची एक टोपली गर्दीत जीव घेऊ शकते. पण २०१४ चा पथविक्रेता कायदाही याच देशाचा आहे, आणि तो विक्रेत्याला जागा नेमून द्यायला सांगतो. पुलाच्या टोकाला, वाट सोडून, पाण्याच्या आणि कचऱ्याच्या सोयीसह काही जागा आखून दिल्या तर भाजीवालीचे पोट चालेल आणि कामावरून परतणाऱ्या बाईला वाटेतच ताजी भाजी मिळेल. विक्रेत्यांची वर्दळ आणि उजेड असेल तर रात्री पूल ओलांडणाऱ्या मुलींनाही धीर असतो.

आपल्या समाजाला या विषयाचे एक कारण अधिक जवळचे आहे. राजगृह दादरच्या पूर्वेला, चैत्यभूमी पश्चिमेला, आणि मधे रूळ. ६ डिसेंबरला लाखो माणसे दादरला येतात. त्यात रात्रभर प्रवास करून आलेले वृद्ध असतात, लेकुरवाळ्या बाया असतात, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण असतात. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्णही आहेत. थंडी, तहान आणि अति श्रम यांनी त्यांना वेदनेचा झटका येऊ शकतो. त्यांनी पाण्याची बाटली, उबदार कपडे आणि रोजच्या गोळ्या जवळ ठेवाव्यात, आणि रांगेत उभे राहण्यापूर्वी पोटात काही घालावे. स्वयंसेवकांनी पुलाच्या आणि जिन्याच्या तोंडाशी कोणाला बसू देऊ नये, पण जिन्यापासून दूर बसण्याची जागा मात्र जरूर दाखवावी. एक दिवस लाखो पावले ज्या पुलांवरून जातात, ते वर्षाचे बाकीचे दिवसही माणसांच्या मापाचे असावेत, हे मागण्याचा अधिकार आपल्याला आहे.

शेवटी, करायचे काय? आपल्या भागात पुलाचे काम चालू असेल किंवा व्हायचे असेल तर महिला मंडळाने, विहारातल्या ज्येष्ठांनी आणि तरुणांनी मिळून वॉर्ड ऑफिसात व रेल्वेकडे एक लेखी अर्ज द्यावा. त्यात पाच प्रश्न विचारावेत. पायवाटेची रुंदी किती? उतार किंवा लिफ्ट आहे का, आणि लिफ्ट बंद पडली तर किती तासांत दुरुस्त होईल? बसण्याची जागा व स्वच्छतागृह नकाशात आहे का? जुना पूल बंद असताना रुग्णांसाठी पर्यायी वाट कोणती? आणि शेवटची तपासणी कधी झाली, तिचा अहवाल काय सांगतो? उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावेच लागते. नकाशा बदलणे सोपे असते, काँक्रीट ओतल्यावर काहीही बदलणे अवघड जाते. म्हणून प्रश्न पायाभरणीच्या आधी विचारावेत. उत्तरे आली की ती या पानाकडेही पाठवा; कोणत्या भागात काय उत्तर मिळाले हे इतर वस्त्यांना कळले तर त्यांचा अर्ज अधिक पक्का होईल.